बंद न पडणारी गाडी आणि लगेच दुरुस्त होणारी गाडी

सीमाभागात कुणाचं मोटारसायकल घ्यायचं ठरलं की घरात, गॅरेजात, चहाच्या टपरीवर सल्ले सुरू होतात. "डोळे झाकून स्प्लेंडर घे, कुठल्याबी गावात मेस्त्री मिळतो." दुसरा म्हणतो, "होंडा घे की, हातच लावायला लागत नाही." ऐकणाऱ्याला दोघेही भरवशाबद्दलच बोलताहेत असं वाटतं. नीट पाहिलं तर पहिला म्हणतोय की गाडी बिघडली तर लगेच चालू होईल. दुसरा म्हणतोय की ती बिघडणारच नाही. हे दोन वेगळे गुण आहेत. एकाच गाडीत ते दोन्ही असू शकतात, एकच असू शकतो किंवा एकही नसतो. कंपनी-कंपनीवरून होणाऱ्या बहुतेक वादांत एकजण पहिल्या गुणाबद्दल बोलत असतो आणि दुसरा दुसऱ्या गुणाबद्दल, म्हणून ते वाद कधी मिटत नाहीत.

हिशेबासाठी दोन गाड्या मनात धरा. पहिली दोन वर्षांत एकदाच बंद पडली, पण सुटा भाग मागवावा लागला आणि ती बारा दिवस उभी राहिली. दुसरी त्याच काळात आठ वेळा अडली, पण दर वेळी अर्ध्या दिवसात गल्लीतल्या गॅरेजमधून चालू होऊन आली. पहिलीचे बारा दिवस गेले, दुसरीचे चार. दिवस मोजले तर दुसरी सरस ठरते. पण त्या आठपैकी एक वेळ बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटात, रात्री, मोबाईलला रेंज नसताना आली असेल तर? तिथे दिवसांचा हिशेब कामाचा नाही. तिथे न थांबणं हाच गुण. म्हणून "कुठल्या कंपनीची गाडी भरवशाची?" याच्या आधी विचारायचा प्रश्न असा, की तुमचं नुकसान गाडी थांबल्याने होतं की थांबून राहिल्याने?

हा फरक बुलेटवर सर्वांत स्वच्छ दिसतो, कारण तिथे एकाच नावाच्या दोन गाड्या या दोन बाजूंना उभ्या आहेत.

जुनी बुलेट म्हणजे ओतीव लोखंडी सिलिंडरची, ३४६ सीसीची. इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, गिअर उजव्या पायाला. सांध्यांतून ऑइल झिरपणं, प्लगला ठिणगी देणारे पॉइंट काळे पडणं, कंपनांनी नट सैल होणं हे सगळं तिच्या मालकाने गृहीतच धरलेलं असे. अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणून, इंजिनातला दाब सोडणारा डिकॉम्प्रेसर दाबून किक मारायची, हेसुद्धा शिकावं लागे. बंद न पडण्याच्या परीक्षेत ही गाडी काठावर पास. पण दुरुस्तीत? पॉइंट पॉलिश पेपरने घासले की ठिणगी परत. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) लावायला इंजिन थंड हवं, दोन पाने हवेत आणि पुशरॉड बोटांनी फिरवून पाहायचा अंदाज हवा, एवढंच. बेळगावला तर आणखी एक सोय. उद्यमबागेत फाउंड्री आणि लेथचं काम पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, क्रँकशाफ्टसारखे भाग या शहरात बनतात. जुन्या बुलेटचा बुश झिजला, सिलिंडर घासला तर कंपनीच्या तोंडाकडे बघायची गरज नव्हती. बुश कातून मिळे, सिलिंडर रिबोअर होऊन मिळे. ही गाडी दर महिन्याला काहीतरी मागत असूनही चाळीस-चाळीस वर्षं घरात टिकली ती या जोरावर.

नोव्हेंबर २०२० मध्ये रॉयल एनफिल्डच्याच मिटिऑरबरोबर ३४९ सीसीचं नवं इंजिन आलं. २०२१ मध्ये ते क्लासिकमध्ये आणि २०२३ मध्ये खुद्द बुलेटमध्ये बसलं. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घरात, कंपन मारायला बॅलन्सर शाफ्ट, पेट्रोल पुरवायला फ्युएल इंजेक्शन. ऑइलचे डाग गेले, किकची कसरत गेली. न थांबण्याच्या बाबतीत जुनीशी तिची तुलनाच नाही. पण सेन्सर गेला तर पॉलिश पेपर कामाचा नाही. आधी स्कॅनर लावून दोष वाचावा लागतो आणि मग तोच भाग यावा लागतो. "बुलेट म्हणजे कटकट" असं बजावणारे काका आणि "माझी तीन वर्षांत एकदाही थांबली नाही" म्हणणारा पुतण्या, दोघांचंही बरोबर असतं. टाकीवरचं नाव तेवढं एक आहे.

स्प्लेंडर आणि होंडाचा मामला थोडा नाजूक आहे, कारण दोन्हींचं मूळ एक. हिरो आणि होंडा यांची भागीदारी १९८४ ची. १९८५ मध्ये सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर. डिसेंबर २०१० मध्ये वेगळं व्हायचं ठरलं आणि २०११ पासून कंपनीचं नाव हिरो मोटोकॉर्प झालं. आपल्याकडे अजून कितीतरी लोक नव्या स्प्लेंडरलाही हिरो होंडाच म्हणतात. स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं, सिलिंडर आडवा असलेलं इंजिन त्याच होंडा घराण्यातलं आहे. मार्च २०२३ मध्ये होंडाने शाईन १०० आणली ती थेट या गिऱ्हाइकासाठी. तिचं इंजिन ९८.९८ सीसी, ताकद ७.३८ पीएस. स्प्लेंडर प्लसचं ८.०२ पीएस. ओढ मात्र दोन्हींची सुमारे ८.०५ न्यूटन मीटर, म्हणजे सारखीच. शाईन १०० चं वजन ९९ किलो, स्प्लेंडरचं ११२. टाकी शाईनची नऊ लिटरची, स्प्लेंडरची ९.८ ची. या आकड्यांवरून मोठा फरक निघत नाही, आणि रस्त्यावरही तो फार जाणवायचा नाही.

फरक आहे तो इंजिनाबाहेर. तेच ९७.२ सीसीचं इंजिन स्प्लेंडरमध्ये, पॅशन प्लसमध्ये आणि एचएफ डिलक्समध्ये आहे. त्यामुळे क्लच प्लेट, टायमिंग चेन, पिस्टन रिंग हे भाग जांबोटीसारख्या आडगावीसुद्धा कुणाच्या तरी फळीवर पडलेले असतात. बारा-चौदाव्या वर्षी गॅरेजात लागलेला मुलगा शिकतो तोच मुळी या इंजिनावर. स्प्लेंडरची ख्याती कंपनीने कमावली तेवढीच या पोरांनी कमावली, असं माझं ठाम मत आहे. शाईन १०० मध्ये होंडाने पेट्रोलचा पंप टाकीच्या बाहेर बसवला. तो निर्णय मला फार आवडतो, कारण न थांबणाऱ्या गाडीत दुरुस्तीची सोय मुद्दाम घालायचा विचार त्यात दिसतो. तरी गावोगावच्या फळ्यांवर तिचे भाग पसरायला वर्षं जावी लागतील.

१ एप्रिल २०२० ची तारीख इथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या दिवसापासून बीएस ६ हे धुराचे कडक नियम लागू झाले आणि शंभर सीसीच्या बहुतेक साध्या गाड्यांतूनही कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. थंडीत चोक ओढणं संपलं, जेटमध्ये कचरा अडकून गाडी मरणं संपलं. म्हणजे न थांबण्याचा गुण वाढला. त्याच वेळी रस्त्याकडेला स्क्रू ड्रायव्हरने चालू करण्याचा गुण कमी झाला, आणि हे बहुतेक कंपन्यांचं एकदम झालं. पूर्वी टाकी कोरडी होईपर्यंत चालवून रिझर्व्हवर घेण्याची सवय होती. टाकीतल्या पंपाला बुडवून ठेवणारं पेट्रोलच थंडही ठेवतं, म्हणून इंजेक्शनच्या गाडीत ती सवय पंपाच्या मुळावर येते.

त्यात आता पेट्रोलमधलं वीस टक्के इथेनॉल. ते आपल्याच भागातल्या उसापासूनही बनतं, म्हणून त्याच्याबद्दल सरसकट वाईट बोलायला जीभ वळत नाही, पण त्याचा स्वभाव माहीत हवा. ते पाणी ओढून घेतं. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं. २०२३ च्या आधीच्या गाड्यांतले रबरी सील आणि नळ्या या मिश्रणासाठी बनवलेल्या असतीलच असं नाही. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही.

हवेचं निघालंच आहे तर आपला बेळगाव जिल्हा पाहा. पश्चिमेला खानापूर तालुका, कणकुंबीकडचा धो धो पाऊस, लाल चिखल. पूर्वेला अथणी, रायबागची कोरडी हवा आणि उसाच्या गाड्यांनी उडवलेली धूळ. पश्चिमेकडे गाडीला मारतं पाणी. वायरिंगच्या जोडांत गंज, ड्रम ब्रेकमध्ये चिखल, चेनवरचं ऑइल धुऊन जाणं. पूर्वेकडे मारते धूळ. एअर फिल्टर वेळेवर बदलला नाही तर तीच धूळ पिस्टन रिंग खाते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. कणकुंबीच्या माणसाचा अनुभव अथणीच्या माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही, मग गाडी एकाच कंपनीची का असेना. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या काठी पाण्याखाली गेलेल्या गाड्यांबद्दल तर कंपनीचं नाव काढण्यात अर्थच नव्हता. तिथे ज्याने घाईने सेल्फ मारला त्याचं इंजिन गेलं. ज्याने आधी प्लग काढला, पांढरट झालेलं ऑइल सोडून दिलं आणि मगच सावकाश किक फिरवली, त्याच्या इंजिनाला वाचायची संधी मिळाली.

मग पुरावा कुठे शोधायचा? बरेचजण गॅरेजात डोकावतात. "बघ, सगळ्या स्प्लेंडरच उभ्या आहेत, म्हणजे त्याच जास्त बिघडतात." रस्त्यावरच त्या जास्त असतील तर गॅरेजातही त्याच जास्त दिसणार. उलट जी गाडी गल्लीतल्या मेस्त्रीकडे कधीच दिसत नाही, ती कदाचित बिघडत नसेल, कदाचित त्याला ती जमत नसल्याने थेट शहरातल्या सर्व्हिस सेंटरला जात असेल. यामाहाच्या आरएक्स १०० चंही तसंच. १९९६ मध्ये बंद झालेली ती दोन स्ट्रोकची गाडी अजून बेळगावच्या रस्त्यावर आवाज काढत जाते, आणि बघणारा म्हणतो, "काय टिकाऊ गाडी!" भंगारात गेलेल्या आरएक्स त्याला दिसत नाहीत. जी दिसते ती मालकाने जिवापाड जपलेली असते, आणि तिला व्हॉल्व्ह, कॅम नसल्याने पिस्टन, रिंग, बोअर एवढ्यावर ती पुन्हा उभी राहते. तिचा मोठा गुण दुरुस्तीचा आहे.

मालकांनाच विचारून केलेली एक पाहणी इथे उपयोगी पडते. कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी संस्थेने २०१५ मध्ये हजारो मोटारसायकल मालकांकडून माहिती घेतली. चौथ्या वर्षापर्यंत मोठी दुरुस्ती निघण्याचं प्रमाण यामाहात ११ टक्के, सुझुकी आणि होंडात १२, कावासाकीत १५, हार्लेत २६, ट्रायम्फमध्ये २९, डुकाटीत ३३ आणि बीएमडब्ल्यूमध्ये ४० टक्के आलं. आता त्याच पाहणीतली दुसरी बाजू बघा. "पुन्हा हीच घ्याल का?" या प्रश्नावर दर दहातले सुमारे सात हार्लेवाले ठामपणे हो म्हणाले. समाधान आणि न बिघडणं यांची फारकत इतकी होऊ शकते. त्या सगळ्या मोठ्या गाड्या, तिकडचे रस्ते. ते आकडे आपल्या शंभर सीसीला लावू नयेत. पण शेजारी "एक नंबर गाडी आहे" म्हणतो तेव्हा तो समाधान सांगतोय की बिघाडांची संख्या, हे त्याला विचारून घ्यायला हरकत नाही.

पिकअपबद्दल थोडक्यात. छोट्या इंजिनातून जास्त ताकद काढली की त्याच्यावर ताण येतो. तो किती हे पाहायला एक साधा हिशेब आहे, इंजिनाच्या एका लिटर (हजार सीसी) आकारामागे किती हॉर्सपॉवर काढली जाते. स्प्लेंडरमध्ये हा आकडा सुमारे ८१, नव्या क्लासिक ३५० मध्ये ५८, टीव्हीएसच्या अपाची आरटीआर १६० फोर व्हीमध्ये १०८. आकडा मोठा तशी गरमी जास्त, ऑइल वेळेवर बदलण्याची गरज जास्त. अपाची म्हणून लगेच बिघडते असं नाही. तिला ऑइल कूलर त्यासाठीच दिलाय. पण मालक सर्व्हिसिंग टाळणारा असेल तर ती स्प्लेंडरइतकी माफ करणार नाही. आणि जुन्या बुलेटचा आकडा याहूनही खाली असताना ती ऑइल गाळायचीच, म्हणजे नुसत्या कमी ताणावरही सगळं ठरत नाही.

माझ्यापुरतं सांगतो. खानापूरच्या आतल्या गावातून पहाटे दुधाचे कॅन घेऊन निघणाऱ्याने दुरुस्तीची सोय पाहावी. त्याचं दूध बारा दिवस थांबू शकत नाही. त्याला आजही स्प्लेंडर किंवा एचएफ डिलक्स, आणि २०२० आधीची कार्बोरेटरवाली नीट जपलेली मिळाली तर तीही चालेल. चोर्ल्याने गोव्याला नोकरीसाठी ये-जा करणाऱ्याने, विशेषतः रात्री परतणाऱ्या बाईमाणसाने, न थांबणारी गाडी घ्यावी: इंजेक्शनची, नवी, ट्यूबलेस टायरची, आणि कंपनीचं सर्व्हिसिंग चुकवू नये. निपाणीकराला बेळगावइतकंच कोल्हापूरही हाताशी आहे. ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आणि भाग दोन्हीकडे मिळतात ती त्याने आधी धरावी. शोरूममध्ये ॲव्हरेज विचारून झालं की आणखी एक विचारा: फ्युएल पंप आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) आज दुकानात आहे का, नसला तर किती दिवसांत येतो? तेवढंच गावातल्या मेस्त्रीलाही विचारा, आणि दोन्ही उत्तरं ऐकून मगच ॲडव्हान्स भरा.