ठिबक की पूर? ताऱ्यांमध्ये सोनं बनतं तरी कसं

धनत्रयोदशीला जळगावच्या सराफ बाजारात एक जुना विद्यार्थी भेटला. अंगठीचं वजन होत असताना विचारतो, "सर, सोनं मोठ्या ताऱ्यांच्या पोटातच शिजतं ना?" गर्दीत मी हो म्हणून मोकळा झालो आणि घरी येईपर्यंत चुटपुट लागून राहिली. कारण शिजणं दोन प्रकारचं असतं, आणि मी दोन्हींची खिचडी करून टाकली होती.

लोखंडापर्यंतची मूलद्रव्यं तारा अणुकेंद्रं जोडून बनवतो. त्यापुढे हा धंदा तोट्याचा. ऊर्जा मिळायची सोडून खर्चच होते. शिवाय लोखंडाच्या केंद्रातले २६ प्रोटॉन दुसऱ्या धनभारित केंद्राला जवळ फिरकू देत नाहीत. न्यूट्रॉनला भारच नाही, तो सरळ आत शिरतो. फरक पडतो तो किती भराभर शिरतो यावर.

संथ प्रक्रिया म्हणजे रावेरच्या केळीबागेतलं ठिबक. थेंब पडतो, मुरतो, मग दुसरा. लोह-५८ ने (आकडा म्हणजे केंद्रातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनची बेरीज) न्यूट्रॉन गिळला की लोह-५९ होतं. ते अस्थिर, अर्धायुष्य (निम्मं विरायला लागणारा वेळ) सुमारे ४४ दिवस. पुढचा न्यूट्रॉन यायला सहसा त्याहून उशीर लागतो, तोवर आतला एक न्यूट्रॉन प्रोटॉन होऊन बसतो आणि लोखंडाचं कोबाल्ट होतं. सूर्याच्या आठपटींहून जड ताऱ्यांत हे ठिबक हेलियम संपत आलं की सुरू होतं: निऑन-२२ वर हेलियमचं केंद्र आदळतं, मॅग्नेशियम-२५ बनतं, एक न्यूट्रॉन सुटतो. तापमान ३० कोटी अंशांच्या आसपास. पण न्यूट्रॉन तुटपुंजे, म्हणून मजल साधारण स्ट्रॉन्शियमपर्यंतच. लाल फुलबाजीला रंग देणारं तेच हे. बेरियम आणि शिसं बहुतांशी सूर्याच्या दोन-तीनपट वस्तुमानाचे म्हातारे, फुगलेले तारे बनवतात. १९५२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ पॉल मेरिल यांना अशा ताऱ्यांच्या प्रकाशात टेक्नेशियम दिसलं. ते ताऱ्याच्या वयाच्या मानाने फार लवकर विरून जातं, म्हणजे तिथेच ताजं शिजलेलं.

जलद प्रक्रिया म्हणजे पावसाळ्यात हतनूर धरणाचे ४१ दरवाजे एकदम उघडणं. एका घनसेंटिमीटरमध्ये एकावर वीस शून्यं, त्याहूनही जास्त न्यूट्रॉन. लोह-५९ ला कोबाल्ट व्हायची उसंतच मिळत नाही; ६०, ६१, ६२ असं ते फुगतच जातं. सेकंदाभरात खेळ आटोपतो.

खरी गंमत पुढे आहे. १२६ न्यूट्रॉन झाले की केंद्र आणखी घ्यायला कुरकुरतं, त्यामुळे दोन्ही वाटा इथे अडखळतात. संथ वाटेने आलेल्याकडे तोवर ८२ प्रोटॉन जमलेले असतात: शिसं-२०८. जलद वाटेने आलेल्याकडे जेमतेम सत्तरच्या आसपास. पूर ओसरला की त्याचे न्यूट्रॉन एकेक करून प्रोटॉन होत जातात आणि हाती येतं प्लॅटिनम किंवा सोनं.

विद्यार्थी अगदीच चुकला नव्हता म्हणा. असा पूर न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत येतो. १७ ऑगस्ट २०१७ ला ज्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचे गुरुत्वीय तरंग पकडले गेले, ते मोठ्या ताऱ्यांचेच मरणोत्तर अवशेष. मात्र त्या टकरीच्या प्रकाशात २०१९ मध्ये ओळखू आलं ते सोनं नव्हे, स्ट्रॉन्शियम. म्हणजे फुलबाजीतला थोडा लाल पुरातूनही आलेला.