एकच धून, तीन तऱ्हा आणि एक बिअरची बाटली

अमेरिकन जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकची ‘वॉटरमेलन मॅन’ ही धून मी उलट्या क्रमाने ऐकली. आधी 1973 ची, त्यानेच नव्याने वाजवलेली, मग खूप दिवसांनी 1962 ची मूळ, आणि मूळ ऐकताना आधी वाटलं की हे कुणीतरी सोपं करून वाजवलंय. सूर तेच, कॉर्ड्सही (एकत्र वाजणारे सूर) बऱ्याच त्याच ओळखीच्या, पण अंग हलतंय ते भलत्याच ठिकाणी. असं का होतं हे शोधायला गेलो आणि त्यातच अडकलो.

मूळ रेकॉर्डिंग 28 मे 1962 चं, न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओतलं. हॅनकॉक तेव्हा 22 वर्षांचा, पहिलाच अल्बम, ट्रम्पेटवर फ्रेडी हबर्ड, सॅक्सवर डेक्स्टर गॉर्डन, ड्रम्सवर बिली हिगिन्स. लहानपणी शिकागोच्या गल्लीत कलिंगडवाल्याची गाडी यायची, दगडी फरशीवर तिच्या चाकांचा खडखडाट आणि वरून बायकांच्या हाका, ही धून त्यातून सुचली असं तो स्वतःच सांगतो. पियानोचा तो अडखळत पुढे जाणारा तुकडा ऐका, चाकं दिसतातच.

नेहमीचा ब्लूज (जॅझमधला एक ठरलेला साचा) 12 बारचा, म्हणजे ठोक्यांच्या 12 गटांचा, असतो, हा 16 चा. शेवटाकडे सी आणि बी फ्लॅट या दोन कॉर्ड्सची एरवी एकदाच होणारी ये-जा इथे तीनदा होते, म्हणजे घरी पोचतोय पोचतोय म्हणताना दोनदा परत फिरवतात, आणि मग सगळे एकदम थांबतात. त्या थांब्यात बँड गप्प असतो पण आपलं डोकं ठोके मोजतच राहतं. कान नुसतं आलेलं ऐकत नाही, पुढचा ठोका कधी पडणार याचा अंदाज आधीच बांधून बसलेला असतो, म्हणून रिकामी जागासुद्धा ऐकू येते. सम कुठे आहे हे माहीत असलेला श्रोता तबलजीने ती मुद्दाम चुकवली की हसतो, तसंच काहीसं.

आता दुसरी तऱ्हा. क्यूबन कोंगावादक (कोंगा म्हणजे हाताने वाजवायचा उंच ढोल) मोंगो सांतामारियाच्या बँडमध्ये हॅनकॉक एकदा न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये बदली पियानिस्ट म्हणून गेला होता, ट्रम्पेटवाला डोनाल्ड बर्ड म्हणाला ती धून वाजव, आणि हळूहळू मोंगो कोंगावर त्यात शिरला, मग बाकीचे शिरले आणि लोक उठून नाचायलाच लागले. मोंगोने ती रेकॉर्ड केली आणि 1963 मध्ये ती अमेरिकेच्या पॉप यादीत पहिल्या दहात गेली.

पण इतक्या सहज बसली कशी? जॅझमध्ये एका ठोक्याचे दोन भाग सहसा सारखे नसतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड, तोच तो स्विंग. या धुनेत मात्र दोन्ही भाग जवळजवळ सारखे, आणि क्यूबन तालवाद्यांचं विणकामही अशाच सारख्या तुकड्यांवर चालतं, त्यामुळे फार शिवणकाम करावंच लागलं नाही. मोंगोने लांबलचक सोलो उडवले, तीन मिनिटांच्या आत सगळं आटोपलं, आणि मूळच्या मोकळ्या जागांत कोंगाचे ठोके आणि आरडाओरडा भरला.

नाचावंसं का वाटतं यावर 2014 साली मारिया विटेक आणि सहकाऱ्यांचा एक छान अभ्यास आला. त्यांनी लोकांना फंक ड्रमचे ठेके ऐकवले, काहींत ठोके अगदी सरळ जागच्या जागी, काहींत जास्त सरकवलेले. सर्वांत जास्त हलावंसं वाटलं ते मधल्या ठेक्यांना. फार सरळ असलं तर मेंदूला कामच नाही, फार वाकडं असलं तर ठोका सापडतच नाही.

तिसरी, हॅनकॉकचीच 1973 ची तऱ्हा या मधल्या पट्ट्यात अगदी आरामात लोळते असं माझं मत. लय बरीच संथ, एकेक वाद्य हळूहळू आत येतं आणि ओळखीची धून बऱ्याच उशिरा. तोवर बास आणि क्लॅव्हिनेट (तारा असलेलं विजेचं कीबोर्ड, टोचल्यासारखा आवाज) एकमेकांच्या फटीत बोट घालत बसतात.

आणि अगदी सुरुवातीला ती बाटली! तालवादक बिल समर्स बिअरच्या बाटलीत फुंकतो आणि मधेमधे तोंडाने सूर काढतो. मध्य आफ्रिकेतले बाबेन्झेले लोक एकाच सुराची शिट्टी आणि गळा असा आलटूनपालटून वापर करतात, त्याला हिंदेव्हू म्हणतात, त्याची ही नक्कल. बाटलीत होतं असं की मानेतली हवा वजनासारखी वरखाली होते आणि पोटातली हवा स्प्रिंगसारखी तिला ढकलते. पाणी भरून पोटातली हवा पाव केली तर स्प्रिंग चौपट ताठ होते आणि सूर बरोब्बर एक सप्तक वर जातो.

गंमत म्हणजे जलतरंगात उलटं. तिथे भांडं कंप पावतं, पाण्याचं ओझं वाढलं की ते सावकाश हलतं आणि सूर उतरतो. घरी एकाच काचेच्या बाटलीत थोडं थोडं पाणी घालत आधी फुंकर मारा, मग चमच्याने टकटक करा, एक सूर चढत जाईल आणि दुसरा उतरत. मी हे ओट्याशी उभं राहून अर्धा तास केलं, घरचे वैतागले.

बरं, मग तिन्हींत धून तीच आहे हे कळतं कसं? कारण आपण सुटे सूर नाही, सुरांमधली अंतरं आणि चढउतार लक्षात ठेवतो. वाद्य बदला, लय अर्धी करा, ते टिकतं. ताल मात्र शरीराचं खातं आहे, तिथे अरेंजरने (धुनेची मांडणी करणाऱ्याने) एक ठोका इकडचा तिकडे केला की मान वेगळी हलते. 1973 च्या तऱ्हेच्या शेवटी बाटली परत येते आणि माझी मान तोवर भलत्याच ठोक्यावर गेलेली असते.