शेंगाचटणी आणि तिखट घातलेलं कूट

गेल्या आठवड्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. "मावशी, तू सांगितलंस ते सगळं घातलं गं. दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ. तरी तुझ्यासारखी शेंगाचटणी काही होत नाही. भाकरीवर घेतली की भुरभुरते नि घशाला ठसका लागतो."

मी एवढंच विचारलं, "वाटलीस कशात?"

"मिक्सरमध्ये. छान बारीक झाली."

"मग ती शेंगाचटणी नाही झाली, राणी. ते तिखट घातलेलं कूट झालं."

हा गोंधळ मी इतक्या वर्षांत इतक्या ठिकाणी पाहिलाय, की आता एकदा नीट लिहूनच टाकते. लग्नाच्या पंगतीत पानात डावीकडे वाढलेली असते ती, बाहेरगावी पाकिटावर 'सोलापुरी' छापून मिळते ती, रेसिपीत 'सगळं एकत्र मिक्सरला फिरवून घ्या' म्हणून एका ओळीत उरकलेली असते ती. दहातल्या आठ वेळा ते कूटच असतं. चव वाईट असते असं नाही. पण शेंगाचटणी म्हणून ते कुणाच्या ताटात पडलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या माणसाला वाटतं, हीच ती. एवढं काय कौतुक सांगतात सोलापूरकर!

कुटाबद्दल फार सांगायची गरज नाही, ते प्रत्येक घरात असतं. दाणे भाजायचे, सालं काढायची, फिरवायचे, डब्यात भरायचे. साबुदाण्याच्या खिचडीत, कोशिंबिरीत, वांग्याच्या रश्श्यात, मेथीच्या पातळ भाजीत घालायचं. कूट कोरडं आणि मोकळंच हवं, म्हणजे खिचडीत दाण्यादाण्याला लागतं. त्याला स्वतःचं मीठ नाही, तिखट नाही. तो जिन्नस आहे, रवा-बेसनासारखा. शेंगाचटणी डब्यातून काढून सरळ भाकरीवर घ्यायची असते. ती भाजीत ढकलू नका, लसूण भलतीकडेच जातो.

नावाचंही एकदा सांगते. आमच्याकडे शेंगा म्हटलं की भुईमुगाच्याच. शेवग्याच्या असतील तर 'शेवग्याच्या' असं म्हणावं लागतं. शेंगाचटणी, शेंगापोळी, सगळं त्याच शेंगांचं. विजापूरकडे कानडीतही हाच शब्द चालतो आणि तिकडच्या घरांतही ही चटणी होते. शहराच्या पूर्व भागातल्या आमच्या तेलुगू शेजारणी पाणी घालून, वर फोडणी देऊन दाण्यांची जी पातळ चटणी इडली-डोशाबरोबर करतात ती निराळी. तिचा आणि हिचा घोळ कुणी घालत नाही, ती ओली असते हे दिसतंच. घोळ होतो तो कुटाशी, कारण दोन्हींत जिन्नस सारखेच दिसतात.

फरक तेलाचा आहे. ओतलेल्या तेलाचा नव्हे, दाण्यातून सुटलेल्या तेलाचा.

शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेलच असतं. अर्धा किलो दाणे घेतलेत तर पाव किलोच्या आसपास तेल तुमच्या हातात आधीच आहे. ते दाण्याच्या आत बारीक बारीक पेशींत कोंडलेलं असतं. मिक्सरचं पातं दाणा कापतं. मोठ्या तुकड्याचे लहान तुकडे, लहानाचे आणखी लहान. कापलेल्या कडेवरचं थोडं तेल सुटतं, बाकीचं आतच राहतं, म्हणून भुगा कोरडा राहतो. मुसळ दाणा कापत नाही, चिरडतं. वरून दाब येतो, पेशी फुटतात, तेल पिळून बाहेर येतं, आणि तुकडा मात्र चपटा होऊन तसाच बऱ्यापैकी मोठा राहतो.

सगळी गोम इथे आहे. शेंगाचटणी दरदरीत असते आणि तरी तेलकट असते. दोन्ही एकाच वेळी. दाताखाली दाण्याचा कण यायला हवा आणि बोटांना लाल तेल लागायला हवं. मिक्सरमध्ये हे दोन्ही एकत्र मिळणं फार अवघड. थोडं फिरवलं तर दरदरीत पण कोरडं मिळतं. अजून फिरवलं की बारीक आणि कोरडं. त्याहून जास्त फिरवलंत की भांडं गरम होतं, तेल सुटतं खरं, पण तोवर दाण्याचं पार लोणी झालेलं असतं, टाळूला चिकटणारं. चटणीची पायरी या सगळ्यात कुठे आलीच नाही, हे करणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

भाचीचा ठसकाही इथेच उलगडतो. मिरचीचा तिखटपणा आणि तिचा लाल रंग दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात नाही. तेल सुटलंच नाही तर तिखट दाण्याच्या भुग्यावर नुसतं पुडीसारखं बसून राहतं. घास घेतला की ते सुटं होऊन घशात जातं. तेल सुटलं की तेच तिखट, तेवढंच तिखट, त्यात मुरतं आणि जिभेवर सावकाश येतं. रंगावरूनही ओळखू येतं. कूट विटेच्या भुकटीसारखं फिकट दिसतं, चटणी गडद लाल आणि चकचकीत.

माझ्या आईच्या घरी मागच्या पडवीत दगडी उखळ जमिनीत पुरलेलं होतं. चटणी कांडायची ती दुपारी, दाणे भाजून कोमट असतानाच. कोमट दाणा ठिसूळ असतो आणि त्यातलं तेल पातळ असतं, म्हणून लवकर सुटतं. आधी खडे मीठ, जिरं आणि लसूण उखळात जायचा. खड्या मिठाच्या धारेने लसूण पटकन ठेचला जातो. तो ओलसर झाला की तिखट, आणि मग मूठ मूठ दाणे. सगळे दाणे एकदम कधीच नाही, ते मुसळाखालून उडतात.

सुरुवातीला मुसळाचा आवाज कोरडा असतो, खट खट. दाणे फुटतात, थोडा भुगा उडतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, झालं. मला लहानपणी नेहमी वाटायचं. आई म्हणायची, "आत्ता कुठं कूट झालंय, चटणी व्हायची आहे." मग आणखी दहा-पंधरा मिनिटं. हळूहळू आवाज बदलतो, जड होतो, धप धप यायला लागतो. मुसळाच्या टोकाच्या लोखंडी कड्याला चटणी धरते, उखळाच्या कडांना चिकटते, उलथन्याने खरवडून परत मध्ये लोटावी लागते. वास बदलतो. आधी भाजलेल्या दाण्यांचा आणि कच्च्या लसणीचा वेगवेगळा येत असतो, नंतर एकच वास येतो. आणि कांडणारीचे दंड भरून येतात, तेही खरंच आहे.

झाली की नाही हे बघायची आईची रीत मी आजही वापरते. मूठभर चटणी घ्यायची आणि मूठ घट्ट वळायची. उघडल्यावर मुटका तसाच राहिला आणि तळहातावर लाल तेलाची रेघ उमटली, तर चटणी. हात कोरडा आणि मुटका लगेच ढासळला, तर कूट. कुठलंही पाकीट आणा, कुणाच्याही घरची असू दे, हीच परीक्षा लावा.

एका गोष्टीची मला मनापासून चीड आहे, ती सांगते. मिक्सरमधून काढलेल्या कोरड्या भुग्यावर चमचाभर तेल ओतायचं, कालवायचं आणि म्हणायचं, बघा कशी तेल सुटलेली चटणी. हे तेल वरचं असतं, चटणीचं होत नाही. तासाभरात डब्याच्या तळाशी जातं नाहीतर भुगा ते पिऊन पुन्हा कोरडा पडतो. एका पाकिटात तर मला शेंगदाण्याच्या तेलाऐवजी दुसऱ्याच कुठल्या तेलाचा वास आला होता. दाण्यात स्वतःचं निम्मं तेल असताना बाहेरचं विकत घ्यायचं कशाला? साखर नको. खोबरं आणि तीळ घातलेत तर चांगली चटणी होईल, पण तिला तिच्या नावाने ओळखा.

बाकीचे फरक किरकोळ आहेत, त्यावर भांडू नये. लसूण सालीसकट घालायचा की सोलून, यावर आमच्याच घरात दोन मतं आहेत. दाण्याची थोडी सालं राहिली तरी चालतं. जिरं भाजलेलं की कच्चं, तुमची आवड. माझं प्रमाण असं: अर्धा किलो दाण्यांना वीस-पंचवीस पाकळ्या लसूण, पोह्याच्या चमच्याने तीन ते चार चमचे तिखट, चहाचे दोन चमचे जिरं, आणि दोन-अडीच चमचे खडे मीठ. तिखटात निम्मं ब्याडगी मिरचीचं ठेवते, ती रंगाला भरपूर आणि तिखटाला बेताची. भाजण्याकडे मात्र लक्ष द्या. लोखंडी कढई, मंद आच, सतत हात. अर्धा किलोला पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात. दाणा फोडून बघा, आत फिका बदामी हवा. मोठ्या आचेवर वरून डाग पडतात, आतून दाणा कच्चा राहतो, आणि कच्चा दाणा मऊ असतो, मुसळाखाली नुसता चेचतो.

आता उखळ कुणाकडे राहिलंय, हा प्रश्न भाचीनेही विचारला. फ्लॅटमध्ये मुसळ आपटलं तर खालचे लोक वर येतील. तिला सांगितलं तेच इथे सांगते. मिक्सरला अर्धंच काम द्यायचं. दाणे कोमट असताना छोट्या भांड्यात थोडे थोडे घ्यायचे, बटण दाबायचं-सोडायचं, चार-पाच वेळा, बस. दाण्याचे तीन-चार तुकडे झाले की थांबायचं. तिथे हात आखडायला शिकलं पाहिजे. मग ते लसूण-तिखट-मिठाबरोबर लोखंडी खलबत्त्यात वाटी वाटीने घेऊन कुटायचं. खाली जाड सतरंजीची घडी घातली की आवाज होत नाही. एका वाटीला सात-आठ मिनिटं पुरतात. पाटा-वरवंटा असेल तर आणखी सोपं, वरवंट्याने रगडायचं, पाण्याचा थेंब न लावता. एवढंही होत नसेल तर चौकात कांडप यंत्र असतं तिथे सगळं मोजून घेऊन जा. कांडप म्हणजे चिरडणंच, त्यामुळे तिथली चटणी चटणी होते. फक्त गिरणीवाल्याला आधी यंत्र पुसून घ्यायला सांगा, नाहीतर मागच्या बाईचा गरम मसाला तुमच्या चटणीत येतो.

फार करून ठेवू नका. सुटलेलं तेल हवेला लागतं आणि आमच्या सोलापूरच्या चैत्र-वैशाखात, पारा चाळीसच्या वर असताना, खवट व्हायला वेळ लागत नाही. पंधरा दिवसांपुरती करा, कोरड्या डब्यात दाबून भरा, ओला चमचा घालू नका.

ज्या रात्री भाजी करायचं त्राण नसतं, त्या रात्री हा डबा खरा कामाला येतो. ज्वारीची भाकरी, घट्ट दही, बुक्कीने फोडलेला कांदा आणि शेंगाचटणी. आमच्या घरी आठवड्यातून दोनदा तरी हेच रात्रीचं जेवण असतं आणि कुणीही उपाशी उठत नाही. भाकरी मंगळवेढ्याकडच्या मालदांडीची असेल तर बघायलाच नको. त्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिची गोडी आम्हाला त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. ताजी भाकरी नसेल तर कडक भाकरी असते. पातळ थापलेली, तव्यावरून उतरल्यावर मंद आचेशी ठेवून सगळं पाणी उडवलेली, पापडासारखी मोडणारी. कूट तिच्यावर टिकत नाही. कोरड्यावर कोरडं, उचलताच सगळं ताटात सांडतं. चटणी बोटाने दाबली की तुकड्याला चिकटून बसते. वर दह्याचं बोट ओढायचं, दही लाल होतं, आणि तो तुकडा एका घासात.

भाचीने परवा पुन्हा फोन केला. खलबत्ता आणला म्हणे, वाटीभर कुटली. मी विचारलं, "मूठ वळून बघितलीस?" ती म्हणाली, "हात धुवायला साबण लागला, मावशी." मग मी तिला राहिलेली एक गोष्ट सांगितली. चटणी डब्यात भरली की खलबत्ता लगेच धुवायचा नाही. गरम भाकरीचा तुकडा घेऊन आतून सगळीकडून पुसायचा, कडांना लागलेलं, तळाशी जमलेलं तेल त्यात टिपायचं, आणि कुटणारीने तो उभ्या उभ्याच खायचा. आमच्या घरात तो तुकडा दुसऱ्या कुणाला मागता येत नाही.