अवकाशप्रवासाच्या आधीची आग

पृथ्वीबाहेरच्या बुद्धिमान जीवांशी संपर्क साधता येईल का, याचा विचार करण्यासाठी १९६१ मध्ये अमेरिकेतील ग्रीन बँक वेधशाळेत मोजके शास्त्रज्ञ जमले होते. खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी संपर्क साधू शकणाऱ्या संस्कृतींची संख्या अंदाजण्यासाठी तेथे मांडलेल्या समीकरणात बुद्धिमत्ता हा एक घटक होता आणि तंत्रज्ञान हा दुसरा. ही विभागणी महत्त्वाची आहे, कारण जीव हुशार असला म्हणजे तो यंत्रे घडवेलच असे नाही. त्याच बैठकीला डॉल्फिनचे अभ्यासक जॉन लिली उपस्थित होते, आणि डॉल्फिनचेच उदाहरण येथे बोलके ठरते: मेंदू मोठा, आपसांतील संवाद गुंतागुंतीचा, पण वस्तू घडवायला हात नाहीत आणि पाण्यात आग पेटत नाही.

आगीची अट वाटते त्यापेक्षा कठीण आहे. पृथ्वीच्या हवेत मुक्त प्राणवायू साठू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्मजीवांच्या प्रकाशसंश्लेषणामुळे. मात्र जळलेल्या वनस्पतींचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष जेमतेम ४३ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. प्राणवायू पुरेसा हवा, शिवाय जमिनीवर जळण्याजोगे काही उगवलेलेही हवे. मानवकुळाने दक्षिण आफ्रिकेतील वंडरवर्क गुहेत सुमारे दहा लाख वर्षांपूर्वी आग वापरल्याच्या खुणा सापडतात, पण तेथून भट्टीपर्यंतचा प्रवास फार लांबला. तांबे १,०८५ अंश सेल्सिअसला वितळते. एवढी उष्णता साध्या शेकोटीतून सहसा मिळत नाही, त्यासाठी लोणारी कोळसा आणि फुंकून दिलेली हवा लागते.

धातू हाती आले तरी दिशा कळायला आकाश दिसावे लागते (कायम ढगांनी झाकलेल्या ग्रहावर खगोलशास्त्र कशाच्या आधारे सुरू होणार?) आणि एकाची निरीक्षणे दुसऱ्यापर्यंत पोहोचावी लागतात. टायको ब्राहे यांच्या आकाशनिरीक्षणांच्या नोंदी हाती आल्या म्हणूनच खगोलशास्त्रज्ञ केप्लर १६०९ मध्ये ग्रहगतीचे पहिले दोन नियम मांडू शकले.

अवकाशात हवा नसल्याने प्राणवायूही सोबतच न्यावा लागतो. रॉबर्ट गोडार्ड यांचा १६ मार्च १९२६ रोजी उडालेला अग्निबाण पेट्रोल आणि द्रवरूप प्राणवायूवर चालला; तो जेमतेम अडीच सेकंद उडाला. त्यामागील गणित रशियातील शाळाशिक्षक त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्येच प्रसिद्ध केले होते. त्यानुसार तेच इंजिन वापरून दुप्पट वेग गाठायचा, तर इंधनासह असलेल्या आणि इंधन संपलेल्या अग्निबाणाच्या वजनांच्या गुणोत्तराचा वर्ग करावा लागतो. पृथ्वीचा मुक्तिवेग, म्हणजे तिच्या गुरुत्वाकर्षणातून सुटण्यासाठी लागणारा वेग, सेकंदाला ११.२ किलोमीटर आहे. पृथ्वीवरून निघताना हे गुणोत्तर दहा लागत असेल, तर दुप्पट वेग मागणाऱ्या जड ग्रहावरील तितक्याच हुशार रहिवाशांना शंभर लागेल.