पाडकामाचा अर्ज: राडारोड्याचा अंदाज कसा काढायचा आणि सोबत काय जोडायचे

जुनी इमारत पाडायची ठरली की आधी ठेकेदार शोधला जातो. राडारोडा किती निघेल हा प्रश्न ‘बघू, लागतील तसे डंपर बोलावू’ एवढ्यावरच सोडून दिला जातो. परवानगीच्या अर्जात मात्र हाच आकडा आधी द्यावा लागतो, आणि तोही टनांत. तुमच्यावर कोणती बंधने येतील, शुल्क किती लागेल, गाड्या किती ठरवायच्या, हे सगळे त्यावर अवलंबून असते. म्हणून इमारत उभी असतानाच ती मोजून घ्या.

बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार राडारोड्याची जबाबदारी काम करवून घेणाऱ्यावर आहे. त्यात व्यक्ती, संस्था, व्यापारी आस्थापना, अगदी रेल्वे आणि विमानतळही येतात. एका दिवसात २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टन, यांपैकी कोणतीही एक मर्यादा गाठली की काम सुरू होण्यापूर्वी कचरा व्यवस्थापन आराखडा देऊन स्थानिक संस्थेची मंजुरी घ्यावी, माल वेगवेगळा करावा आणि प्रक्रिया व विल्हेवाटीचा खर्चही भरावा, असे त्यात सांगितले आहे. या नियमांची जागा घेणारे २०२५ चे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू होतात. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पांवर ते अधिक जबाबदारी टाकतात. त्यामुळे अर्जाचा नमुना आपल्या नगरपालिकेकडून त्या दिवशी चालू असलेलाच घ्या. नमुना कोणताही असला तरी राडारोड्याचे मोजमाप नीट असलेच पाहिजे.

आता अंदाज. एक झटपट ठोकताळा आहे: इमारतीची लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून त्याचा एक तृतीयांश घ्यायचा, कारण आतला बराच भाग मोकळी हवाच असते. १२ बाय ९ मीटरचे, ७ मीटर उंचीचे दुमजली घर धरले तर ७५६ घनमीटरचे साधारण २५२ घनमीटर, म्हणजे ८९ ब्रास सुटा माल होतो (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर). पडताळणीपुरता हा आकडा चांगला आहे. अर्जात मात्र भागवार तक्ताच द्यावा, कारण वजन त्यातूनच निघते.

त्याच घराचा तक्ता असा होईल. दोन स्लॅब, बीम आणि कॉलम मिळून ३७ घनमीटर आरसीसी (सळई घातलेले काँक्रीट). दारे-खिडक्या वजा करून भिंतींचे वीटकाम ६० घनमीटर. फरशी आणि तिच्याखालचा थर २२, गिलावा ९. आरसीसीला घनमीटरमागे २.५ टन, वीटकामाला १.९, फरशीच्या थराला २.१ आणि गिलाव्याला २ टन धरले की बेरीज २७१ टनांवर जाते. ३०० च्या आत आलो, असे इथे वाटते. पण जोते आणि पाया उखडायचा असेल तर आणखी सुमारे ३० घनमीटर, म्हणजे ६६ टन वाढतात आणि आकडा ३३७ वर पोचतो. जमिनीखालचे हे काम तक्त्यातून सर्वात जास्त वेळा सुटते आणि नेमके तेच मर्यादा ओलांडायला लावते. शिवाय पाया न काढताही २७१ टन माल दहा दिवसांत काढला तर रोजचे २७ टन होतात. वेळापत्रक आखण्याआधी हा भागाकार नक्की करा.

तुटलेला माल फुगतो. काँक्रीट-विटांच्या मिश्र राडारोड्याला दीडपट धरले तर पाया धरून १५८ घनमीटर (३३७ टन) भरीव मालाचे २३७ घनमीटर होतात. समजा डंपरचा हौदा १४ घनमीटरचा आहे आणि त्याला १६ टन भार नेण्याची मुभा आहे. घनफळाने १७ फेऱ्या पुरतात, वजनाने मात्र २२ लागतात. हौदा काठोकाठ भरला तर गाडीतला भार २० टनांवर जातो. म्हणून दोन्ही आकडे काढा आणि मोठा धरा. लाकडी छत किंवा फळ्यांचा माल असेल तर उलट घडते, हौदा आधी भरतो.

सळई आणि धड निघालेल्या विटा, चौकटी घेणारा ठरलेला असेल तरच वजा करा. जुन्या छतावर ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते या बेरजेत अजिबात मिसळू नका. ते न फोडता, ओले करून, अख्खे उतरवून वेगळे द्यावे लागतात, कारण त्यांचे तंतू श्वासातून फुफ्फुसात जातात. पाडणाऱ्या मजुरांच्या जिवाचा हा प्रश्न आहे.

अर्ज मालकाने, गृहनिर्माण संस्थेने किंवा अधिकारपत्र दिलेल्या प्रतिनिधीने करायचा. सोबत साधारणपणे मालकीचा पुरावा, मालमत्ता कराची पावती, मंजूर नकाशा (तो नसेल तर मोजणी करून काढलेला), संरचना अभियंत्याची शिफारस आणि वीज-पाणी तोडल्याचे दाखले लागतात. आराखड्यात भागवार तक्ता, कामाचे दिवस, काँक्रीट, माती, विटा-गिलावा, लाकूड-प्लास्टिक-लोखंड वेगळे साठवण्याची जागा, वाहतूकदाराचे नाव आणि माल कुठे पोचणार ते लिहा. साठवणीची जागा नकाशावरच दाखवली तर पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्याचे शंकेचे प्रश्न खूप कमी होतात. रस्ता किंवा गटार अडेल अशी जागा दाखवू नका.

काम सुरू झाले की प्रत्येक फेरीची वजनकाट्याची पावती आणि माल घेणाऱ्या केंद्राची पोच तारखेनुसार लावून ठेवा. चौथा-पाचवा भाग माल गेल्यावर बेरीज तक्त्याशी ताडून पाहा. फरक मोठा दिसला तर काम संपायची वाट न पाहता सुधारित तक्ता अभियंत्याच्या सहीने कार्यालयात द्या आणि उरलेल्या फेऱ्या त्याप्रमाणे ठरवा.