कॅसेटने खाल्लेला पाऊस

'ज्युरासिक पार्क' फोर-के, म्हणजे अतिशय स्पष्ट चित्राच्या, डिस्कवर आला २०१८ मध्ये, चित्रपटाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा. मालवण-कुडाळकडे ज्यांनी तो गणपतीत भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिला, त्यांना मला एवढंच सांगायचं आहे: आपण डायनोसॉर पाहिले, त्यांच्यावर पडणारा पाऊस पाहिला नाही.

स्टीव्हन स्पिलबर्गचा हा चित्रपट अमेरिकेत जून १९९३ मध्ये लागला, आपल्याकडे १९९४ मध्ये, हिंदीत डब होऊन. आमच्या गावात तो कॅसेटवरूनच पोचला. चाकरमानी आले की एका रात्रीपुरता रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणायचा, पडवीत मांडायचा, आरत्या आटपल्या की उजाडेपर्यंत तीन-चार कॅसेटी. बहुतेकदा प्रतीचीही प्रत. त्यात आपली दमट हवा. पावसाळ्यात कपाटातल्या कॅसेटच्या फितीवर पांढरा बुरा धरायचा, तो व्हीसीआरच्या हेडला लागायचा. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसलं तरी पडद्यावर मुंग्या यायच्याच.

टी. रेक्स, म्हणजे तो भलामोठा मांसाहारी डायनोसॉर, कुंपण तोडून बाहेर येतो, ते दृश्य रात्रीचं आणि मुसळधार पावसातलं. व्हीएचएसवर, म्हणजे त्या कॅसेटवर, आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा. पडवीतल्या टीव्हीवर सगळा काळा चिखल दिसायचा, मधूनच दात.

तो पाऊस स्टुडिओत पाडलेला होता. स्टॅन विन्स्टन यांच्या चमूने कित्येक टनांचा यांत्रिक टी. रेक्स बांधला होता. त्याची फोम रबरची कातडी पाणी पिऊन जड व्हायची, वजनाचं गणित बिघडायचं आणि ते धूड थरथरायला लागायचं. मग दोन शॉटच्या मध्ये माणसं टॉवेल घेऊन त्याला टिपत बसायची. पेल्यातल्या पाण्यात उठणारी वर्तुळं तर गिटारच्या तारेची करामत: डॅशबोर्डखाली तार ताणून ती छेडली होती.

अख्ख्या चित्रपटात डायनोसॉर दिसतात सुमारे १५ मिनिटं, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ अशी यंत्रंच. उरलेलं काम डेनिस म्युरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर केलं.

डीव्हीडी २००० मध्ये आली, ब्लू-रे २०११ मध्ये. चित्रण ३५ मिमी फिल्मवर झालेलं, त्यामुळे निगेटिव्हमध्ये कॅसेटच्या कितीतरी पट तपशील आधीपासून होता; तो घरी पोचायला इतकी वर्षं गेली. संगणकावरची दृश्यं मात्र त्या काळच्या रेझोल्यूशनला, म्हणजे चित्रातल्या बारकाव्याच्या मर्यादेला, बांधलेली आहेत. कळप धावतो तो भाग फोर-केवरही जरा मऊच वाटतो, हे डिस्क घेणाऱ्याने ओळखून असावं.

खरी कमाई यंत्राच्या दृश्यांत आहे. कातडीच्या सुरकुत्यांतून ओघळणारं पाणी आता वेगळं दिसतं. टी. रेक्सच्या डोळ्यावर टॉर्चचा झोत पडतो तेव्हा त्याची बाहुली झर्रकन आकसते. आमच्या कॅसेटवर तो डोळा नुसता पिवळा ठिपका होता.