चंद्रावरून चीनची भिंत? नाही हो!

कोजागिरीला इंदुरात आमच्या गच्चीवर मसाला दूध उकळत असतं आणि कुणीतरी काका म्हणतातच, "चंद्रावरून माणसाने बांधलेली एकच वस्तू दिसते, चीनची भिंत!" साफ चूक. 1969 च्या नोव्हेंबरात अपोलो 12 मधून चंद्रावर उतरलेले ॲलन बीन यांनी सांगितलं होतं की तिथून पृथ्वीचा सुंदर गोळा दिसतो: बराचसा पांढरा, थोडा निळा, वाळवंटांचे पिवळे ठिगळ. मानवनिर्मित काहीच नाही.

हिशोब सोपा आहे. चंद्र सरासरी 3,84,000 किलोमीटर दूर, भिंतीची रुंदी जेमतेम सहा मीटर. म्हणजे राजवाड्यापाशी धरलेला डोक्याचा एक केस साडेचार किलोमीटरवरून बघायचा! "पण ती लांब किती आहे!" अहो काका, केस लांब असला म्हणून दिसतो का? त्यातून भिंतीचा रंगही बहुतेक ठिकाणी आजूबाजूच्या मातीसारखाच.

गंमत म्हणजे विल्यम स्टकली या इंग्रज गृहस्थांनी ही थाप 1754 मध्येच पत्रात लिहून ठेवली होती, तेव्हा विमानसुद्धा नव्हतं. आणि 2003 मध्ये चीनचेच अंतराळवीर यांग लिवेई अवघ्या साडेतीनशे किलोमीटरवरून फिरून आले, त्यांनाही भिंत दिसली नाही.